उशीर मुलाच्या नावावर लिहू नका

सरकारी रुग्णालयात लहान मुलं दगावली की प्रशासनाचा खुलासा येतो, आणि त्यातलं एक वाक्य कधी चुकत नाही: रुग्ण शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते. सप्टेंबर २०२३ संपून ऑक्टोबर लागला त्या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ जण गेले. त्यांत १२ नवजात बाळं होती. तेव्हाही सांगितलं गेलं की रुग्ण लांबून आलेले होते, अत्यवस्थ होते. २०२५च्या ऑगस्टअखेरीस इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात, दोन बाळांना उंदीर चावले आणि दोन्ही बाळं गेली. तिथेही खुलासा आला की मृत्यू उंदरांमुळे झाले नाहीत, बाळं मुळातच गंभीर होती.

हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. त्याच्या खरेपणाच्या आडोशाला बाकीचं सगळं लपतं, म्हणून मी त्याला विरोध करतो आहे. तो जबलपूरमधून करण्याला कारण आहे. इथल्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला गावात सगळे नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात, मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाट, कटनी, नरसिंहपूर अशा जिल्ह्यांतून मुलं येतात. ज्या राज्यातून ती येतात तिथे नमुना नोंदणी पाहणीच्या २०२०च्या आकड्यांनुसार हजार जन्मांमागे ४३ बालकं वर्षाच्या आत मरत होती. देशाचा आकडा २८ होता, महाराष्ट्राचा १६. अर्भकमृत्यूच्या यादीत मध्य प्रदेश सर्वांत वर होता. एवढी मुलं ‘उशिरा आणल्यामुळे’ मरत असतील, तर तो उशीर कुणाकुणाच्या हातून झाला हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

हेच वाक्य वैद्यकीय संशोधनातही आहे, फक्त तिथे ते तक्त्यात बसलेलं असतं. बालअतिदक्षता विभागातल्या मृत्यूंचे जोखीम घटक हा आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतला प्रबंधाचा आवडता विषय आहे. एमडीचा विद्यार्थी वर्ष-दीड वर्ष दाखल मुलांच्या नोंदी ठेवतो, जगलेली आणि गेलेली अशा दोन रांगा करतो आणि कुठल्या रांगेत काय जास्त आढळलं ते मोजतो. निष्कर्ष देशभर थोड्याफार फरकाने सारखेच निघतात. वय एक वर्षाच्या आत, तीव्र कुपोषण, दाखल होताना शॉक, शुद्ध हरपलेली, रक्तातली साखर उतरलेली, व्हेंटिलेटरची गरज, रक्तदाब टिकवायला औषधांचे ड्रिप, एकाहून अधिक अवयव निकामी, आणि ‘दाखल होण्यास विलंब’.

या यादीकडे नीट बघा. एकाहून अधिक अवयव निकामी होणं हे मृत्यूचं कारण म्हणून किती उपयोगाचं आहे? मूल मरतं तेव्हा तेच तर होत असतं. व्हेंटिलेटर लावलेली मुलं जास्त मरतात, कारण जी जास्त आजारी असतात त्यांनाच व्हेंटिलेटर लावतात. ज्या बापाने व्हेंटिलेटरला संमती दिली आणि ज्याचं मूल गेलं, त्याला तुमचा तक्ता सांगतो की यंत्र हाच धोका होता. शिकलेला वाचक यातली चूक ओळखेल, पण गावोगाव ‘मशीनवर टाकलं म्हणजे संपलं’ ही समजूत पसरलेली आहेच, आणि अशा तक्त्यांनी ती पुसली जात नाही.

यादीतल्या सगळ्या बाबींत एक गोष्ट समान आहे. त्या सगळ्या मुलाच्या अंगावर मोजलेल्या आहेत. वय मुलाचं, वजन मुलाचं, शॉक मुलाचा, विलंबही मुलाच्याच खात्यावर. त्या रात्री पाळीला किती सिस्टर होत्या, प्रतिजैविकाचा पहिला डोस लिहिल्यापासून शिरेत जाईपर्यंत किती वेळ गेला, एका खाटेवर किती मुलं होती, व्हेंटिलेटरवरच्या मुलाला न्यूमोनिया विभागातच झाला का, मूल इथे येण्याआधी किती ठिकाणांहून पुढे ढकललं गेलं, वाटेत ऑक्सिजन चालू होता का, हे प्रबंधाच्या छापील अर्जात बहुधा नसतंच. जे विचारलंच नाही ते निष्कर्षात कुठून येणार? मग पुढची दहा वर्षं आपण म्हणत राहतो की जोखीम घटक मुलात आहेत, कारण शोधलेही तिथेच होते.

ही तक्रार माझ्या मनची नाही. या शास्त्राच्या आतच ती फार पूर्वी झाली आहे. मूल किती गंभीर आहे याचे गुण काढण्याची ‘प्रिझम’ नावाची पद्धत अमेरिकेत मरे पोलॅक आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये मांडली. दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतली नाडी, रक्तदाब, श्वास, बाहुल्यांची प्रतिक्रिया, रक्तातले क्षार अशा गोष्टींची सर्वांत वाईट मोजमापं घ्यायची, गुण द्यायचे आणि त्यावरून मृत्यूची शक्यता काढायची. जगभर ही पद्धत रुळली. मग १९९७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रँक शॅन यांच्या गटाने ‘पिम’ ही दुसरी पद्धत आणली आणि तिच्यात मोजमाप दाखल होतानाच, पहिल्या तासाभरातलं घेतलं.

त्यांचा मुद्दा सरळ होता. समजा एक विभाग चांगला आहे, दुसरा वाईट, आणि दोन्हींकडे अगदी सारखीच मुलं आली. चांगल्या विभागात मूल काही तासांत सावरतं. वाईट विभागात हेळसांडीने ते आणखी खालावतं. चोवीस तासांनी गुण काढले तर वाईट विभागातलं मूल जास्त गंभीर ठरतं, आणि तिथले मृत्यू ‘अपेक्षितच होते’ असं गणित म्हणतं. विभागाची चूक मुलाच्या आजारात मिसळून जाते. म्हणून घड्याळ विभागाच्या दारात लावा, असं शॅन यांचं म्हणणं.

मला पुढचं म्हणायचं आहे. दार मेडिकलचं का धरायचं? इथे पोचेपर्यंत मुलावर दोन-तीन ठिकाणी आपल्याच व्यवस्थेने उपचार केलेले असतात, किंवा केलेले नसतात. वाईट विभागाच्या चोवीस तासांना जो आक्षेप लागू होतो, तोच खेड्यापासून इथपर्यंतच्या प्रवासाला लागू होतो. घड्याळ गावात न्या.

एक मूल डोळ्यांसमोर आणा. ते अमुक घरचं नाही, पण या भागात बालरोगाचं काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. डिंडोरी जिल्ह्यातल्या बजाग भागातलं, दोन वर्षांचं, वजन साडेसात-आठ किलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची तिसऱ्या हिश्श्याची मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली, दर पाचातलं जवळजवळ एक उंचीच्या मानाने हडकुळं, आणि दहातल्या सातांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. तेव्हा हे मूल काही अपवाद नाही. पहिल्या दिवशी ताप, खोकला. दुसऱ्या दिवशी बाप त्याला मोटरसायकलवर बसवून जवळच्या डॉक्टरकडे नेतो. तो डॉक्टर पदवीचा असेलच असं नाही. तो एक इंजेक्शन आणि तीन रंगांच्या गोळ्या देतो. तिसऱ्या दिवशी छाती आत ओढली जाते, मूल दूध घेत नाही. आईबाप सामुदायिक आरोग्य केंद्रात जातात. तिथे बालरोगतज्ज्ञाचं पद आहे, माणूस नाही. चिठ्ठी मिळते: जिल्हा रुग्णालय. तिथे सलाईन लागतं, ऑक्सिजन लागतो, रात्री पाय गार पडतात, आणि पुन्हा चिठ्ठी: जबलपूर.

डिंडोरीहून शहापुरा, कुंडम करत जबलपूर म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. गाडी १०८ची. मागे आई, मांडीवर मूल. ऑक्सिजनचा सिलिंडर निघतानाच किती भरलेला होता हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. गार पडलेल्या, उपाशी, कुपोषित मुलाची साखर उतरते, पण वाटेत साखर तपासायची पट्टी कुणी लावत नाही. शीर सुटली तर पुन्हा मिळत नाही, आणि हाडात सुई घालून द्रव देण्याचं प्रशिक्षण गाडीतल्या माणसाला नाही. मेडिकलला फोन गेलेला नाही, त्यामुळे तिथे खाट आणि माणूस तयार नाही. पहाटे मूल पोचतं. दमलेला रेसिडेंट नाडी चाचपतो, केशिकांत रक्त परत भरायला किती सेकंद लागतात ते पाहतो आणि कागदावर लिहितो: आजाराचा कालावधी चार दिवस, उशिरा दाखल.

चार दिवसांपैकी पालकांचे किती? पहिला दिवस. ताप आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी दीडशे किलोमीटरवर कोणीही नेत नाही, शहरातला सुशिक्षितही नाही. उरलेले तीन दिवस मूल कुणा ना कुणा उपचार करणाऱ्याच्या हातात होतं, आणि त्यातले दीड-दोन सरकारच्या. हा हिशेब मांडला की ‘विलंब’ हा घटक मुलाच्या रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत जातो.

शॉकमध्ये तासाची किंमत काय असते तेही मोजलेलं आहे. पिट्सबर्गमध्ये जोसेफ कार्सिलो यांच्या गटाने दुसऱ्या रुग्णालयांतून आणलेल्या, जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. २००३मध्ये तो प्रसिद्ध झाला. शॉक न उलटवता गेलेल्या प्रत्येक तासागणिक मृत्यूची शक्यता दुपटीहून जास्त वाढत होती. ज्या छोट्या रुग्णालयांत पहिल्याच डॉक्टरने शॉक उलटवला, तिथली बहुतेक मुलं वाचली. म्हणजे जीव पाठवणाऱ्याच्या दारात वाचला, अतिदक्षता विभाग नंतर आला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण ‘शॉक लवकर उलटवा’ याचा उलटा अर्थ लावून भसाभस सलाईन ओतणारेही आहेत. केनिया, युगांडा आणि टांझानियामध्ये ३,१४१ मुलांवर झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०११मध्ये आले. ज्यांना एकदम जास्त द्रव दिला त्यांच्यात ४८ तासांतले मृत्यू साधारण साडेदहा टक्के, ज्यांना दिला नाही त्यांच्यात ७.३. ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेली आफ्रिकेतली ती मुलं होती, त्यांत मलेरिया आणि रक्तक्षयाची पुष्कळ, आणि जिथे व्हेंटिलेटर नाहीत अशी रुग्णालयं. आपल्या जिल्हा रुग्णालयांचं चित्र पिट्सबर्गपेक्षा त्याच्याच जवळचं आहे. जी गोष्ट सगळे डोळे मिटून करत होते ती मुलांना मारत होती, हे कळलं कारण कुणीतरी उपचारालाही प्रश्नाच्या पिंजऱ्यात उभं केलं. आपल्या तक्त्यांत उपचार कधी उभा राहतो?

आता समोरच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेतो. डॉक्टर म्हणतील: तुम्ही पालकांना फार सहज सोडता. आम्ही पाहतो ना, गुनियाकडे झाडफूक करून आलेली मुलं, पोटावर डागलेली मुलं, महुआ वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडेल म्हणून घरी ठेवलेली मुलं. खरं आहे. डागणं मीही पाहिलं आहे, आणि त्याबद्दल कुठलीही सारवासारव मला करायची नाही. पण या उशिराला औषध नाही असं जे गृहीत धरलं जातं, ते याच भूमीवर दोनदा खोटं ठरलेलं आहे.

मंडला जिल्हा जबलपूरला लागून. तिथे २०१७पासून मलेरिया निर्मूलनाचा पथदर्शी प्रकल्प चालला. त्यात मध्य प्रदेश सरकार, जबलपुरातलीच आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आणि एक खासगी प्रतिष्ठान एकत्र होते. १,२३३ गावं, बहुसंख्य गोंड आणि बैगा वस्ती. कार्यकर्ते ठरलेल्या फेऱ्यांनी दारोदार गेले, ताप असलेल्याचं बोट टोचून तिथेच तपासणी केली, तिथेच औषध सुरू केलं, आणि ती फेरी झाली की नाही यावर वेगळी देखरेख ठेवली. तीन वर्षांत स्थानिक मलेरिया ९१ टक्क्यांनी घटला. माणसं तीच, महुआ तोच, गुनियाही तेच. फक्त वैद्यकीय सेवा दारापर्यंत गेली. मेंदूचा मलेरिया होऊन बेशुद्ध मूल मेडिकलला येण्याची गरजच कमी झाली.

दुसरं उदाहरण मराठी वाचकाला माहीत आहे, पण आपण ते गौरवाने सांगतो आणि विसरतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. थोडं शिकलेल्या गावच्याच बाईने बाळाचं वजन घेतलं, ऊब राखली, श्वास मोजले आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५वर आला होता. वैद्यकशास्त्राने अतिदक्षता विभागासाठी राखून ठेवलेला आजार झोपडीत आटोक्यात आला. ‘लोक उशिरा येतात’ हे ज्यांनी तीस वर्षं ऐकलं त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा पाहावा.

आणि ज्यांना अजून वाटतं की उशीर मुळात घरातच होतो, त्यांनी परासियाकडे पाहावं. परासिया छिंदवाडा जिल्ह्यातलं, आणि छिंदवाडा जबलपूर विभागातलं. सप्टेंबर २०२५मध्ये तिथल्या लहान मुलांना साधा ताप-खोकला झाला. आईबापांनी उशीर केला नाही. त्यांनी डॉक्टरला दाखवलं, चिठ्ठीवर लिहिलेलं ‘कोल्ड्रिफ’ नावाचं खोकल्याचं औषध आणलं आणि सांगितलं तसं चमच्याने पाजलं. दोन-चार दिवसांत मुलांची लघवी बंद झाली. आई लंगोट कोरडा पाहते आणि तिला कळत नाही की तापात पाणी कमी गेलं म्हणून असं झालं की आणखी काही. तोवर मूत्रपिंडं गेलेली असतात. मुलं गाड्यांतून नागपूरला गेली, अतिदक्षता विभागांत डायलिसिसवर, व्हेंटिलेटरवर राहिली, आणि वीसहून जास्त मुलं मेली.

तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने कांचीपूरमच्या कारखान्यातल्या त्या औषधाचा नमुना तपासला तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का. तामिळनाडूचा अहवाल आला त्याच सुमारास इकडे मात्र तपासलेल्या नमुन्यांत काही सापडलं नाही असं सांगितलं जात होतं. छिंदवाड्यात ते औषध पोचलं होतं जबलपूरच्या वितरकाकडून, म्हणजे आपल्या शहरातून.

आता या मुलांचा तक्ता भरा. वय पाचाच्या आत. क्रिएटिनिन वाढलेलं. लघवी बंद होऊन काही दिवस झाल्यावर दाखल. डायलिसिसची गरज. व्हेंटिलेटर. मेंदूवर परिणाम. प्रत्येक नोंद खरी आहे, प्रत्येक घटक मृत्यूशी जोडलेला निघेल, संख्याशास्त्र नमस्कार करील, आणि त्या तक्त्यात औषध निरीक्षक कुठेच नसेल. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र तक्त्याच्या बाहेर पाहिलं. एकाच भागातली मुलं एकाच तऱ्हेने का येताहेत असं विचारलं, मूत्रपिंडाचा तुकडा तपासला, विषाकडे बोट गेलं. मी मागतो आहे ते याच जातीचं कुतूहल आहे, रोजच्या न्यूमोनियासाठी आणि रोजच्या शॉकसाठीही.

याच विषाने १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ रुग्णांचा जीव घेतला होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, १९८८मध्ये अहवाल आला, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की रुग्ण मुळातच आजारी होते. निदान न्यायमूर्तींनी ते ऐकून घेतलं नाही. त्या अहवालाला सदतीस वर्षं झाली असताना परासिया घडलं.

विभागाच्या आतल्या गोष्टींकडे येतो, कारण सगळा दोष वाटेवर टाकून मेडिकललाही सुटता येणार नाही. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, १७ पैकी १० बाळं गेली. ती कमी वजनाची, आजारी बाळं होती, पण ती वजनामुळे गेली असं कुणी म्हणू धजलं नाही, कारण आग दिसते. सिस्टरची कमतरता दिसत नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका मुलामागे एक सिस्टर असावी हा या शास्त्रातला सर्वमान्य दंडक. आपल्या सरकारी विभागांत रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती मुलं असतात हे तिथे एक रात्र काढलेल्या प्रत्येक आईला माहीत आहे. एका मुलाची नळी साफ करून हात न धुता दुसऱ्याकडे धावावं लागतं, कारण तिकडे अलार्म वाजतोय. त्यातून जो जंतू दुसऱ्या मुलाच्या फुप्फुसात जातो त्याची नोंद ‘सेप्सिस’ अशी होते आणि तोही जोखीम घटक मुलाचाच ठरतो. यात त्या सिस्टरचा दोष काढणारा माणूस मला भेटू नये.

जुलै २०२१मध्ये करोनाच्या तिसऱ्या लाटेच्या धास्तीने केंद्राने २३,१२३ कोटींचं पॅकेज मंजूर केलं, त्यात देशातल्या सर्व ७३६ जिल्ह्यांत बालरोग विभाग उभारायचे होते. खाटा आल्या, यंत्रं आली. यंत्र विकत घेता येतं, निविदा निघते, फीत कापता येते. रात्री तीन वाजता त्या यंत्राचा दाब किती ठेवायचा हे जाणणारी सिस्टर घडायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि कंत्राट अकरा महिन्यांचं असतं. त्यानंतर सव्वा वर्षातच, सप्टेंबर २०२२मध्ये, नागपूरच्या मेडिकलमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलीला व्हेंटिलेटर मिळाला नाही. आईबाप हाताने अँबू बॅग दाबत बसले, आणि मुलगी गेली. तिच्या कागदावर आजाराचं नाव असेल.

आकड्यांतून सुटणारी मुलंही आहेत. ‘लामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेलं मूल. पैसे संपले, दुसरी मुलं घरी एकटी आहेत, किंवा ‘काही उपयोग नाही’ असं कुणीतरी हळूच सांगितलं; अंगठा घेऊन सोडतात. पुष्कळ अभ्यासांत ही मुलं वगळलेली असतात, आणि ती वाटेत किंवा घरी जातात. याची दुसरी बाजू मेडिकलवर अन्याय करणारी आहे: खासगी रुग्णालयं पैसे असेपर्यंत ठेवतात आणि शेवटच्या दिवशी रेफर करतात, मृत्यू सरकारी खात्यात पडतो. म्हणून नुसता मृत्युदर बघून मेडिकलला झोडपणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. गंभीरता धरूनच तुलना व्हायला हवी. ब्रिटनमध्ये २००२पासून बालअतिदक्षता विभागांची नोंद एका ठिकाणी होते आणि अपेक्षित मृत्यू किती, प्रत्यक्ष किती, हे विभागाच्या नावानिशी दरवर्षी छापलं जातं. तिथेही आधी सगळं आलबेल होतं असं नाही. १९९७मध्ये इंग्लंडच्या ट्रेंट भागाची ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियाशी तुलना झाली आणि सारख्याच गंभीर मुलांत ट्रेंटमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे दुप्पट निघाली. मुलं विखुरलेल्या छोट्या विभागांत ठेवली जात होती. त्या काळात तिथे मुलांसाठी खास वाहतूक पथकं उभी राहिली: अतिदक्षतेतली माणसंच गाडीतून जाऊन मूल घेऊन येतात. विभागच मुलाकडे जातो.

पैशाचं कारण पुढे येईल म्हणून मलावीचं सांगतो. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात एलिझाबेथ मोलिन्यू आणि सहकाऱ्यांनी नवा अतिदक्षता विभाग बांधला नाही. त्यांनी बाह्यरुग्ण विभागाची रांग मोडली. दारातच प्रशिक्षित माणूस उभा केला, जो श्वास, रक्ताभिसरण आणि शुद्ध पाहून गंभीर मूल रांगेतून उचलून आत नेई, आणि तातडीचे उपचार तिथेच सुरू होत. बालरोग विभागातले मृत्यू १० ते १८ टक्के होते, ते ६ ते ८ टक्क्यांवर आले. मलावी आपल्याहून श्रीमंत नाही.

आपल्याकडे यासाठी नवा कायदाही नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४मध्येच बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णालयातला आणि गावातला, दोन्ही मृत्यूंची चौकशी, घरच्यांशी बोलून, टप्प्याटप्प्याने उशीर कुठे झाला ते शोधायचं, जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा घ्यायचा. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या जिल्ह्याचा असा अहवाल पाहिला आहे? तो नावं गाळून दर तीन महिन्यांनी छापला पाहिजे.

आणि मेडिकलच्या बालरोग विभागाला माझी मागणी अगदी कोरडी आहे. पुढच्या प्रबंधाच्या अर्जात हे रकाने घाला: याआधी किती ठिकाणी दाखवलं आणि प्रत्येक ठिकाणी किती तास गेले, निघण्याआधी फोन झाला का, गाडीत ऑक्सिजन, साखर, शरीराचं तापमान, दारापासून प्रतिजैविकापर्यंतची मिनिटं, त्या पाळीला सिस्टर किती आणि मुलं किती, संसर्ग बाहेरचा की इथला, लामा झालेलं मूल सात दिवसांनी जिवंत आहे का. ‘दाखल होण्यास विलंब’ हा एक रकाना काढून टाका आणि त्याजागी तीन करा: घरचा, वाटेतला, रुग्णालयांतला. मृत्यूचा मासिक आढावा होतो तेव्हा समोर नुसते रेसिडेंट उभे करू नका. डिंडोरीचं मूल गेलं असेल तर डिंडोरीचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि १०८चा ठेका चालवणाऱ्यांचा माणूस त्या खोलीत बसलेला असू दे, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारा.